सहादू वाजवणार नाही

भिकाचा वाढदिवस प्राण्यांचा करायचा ही कल्पना सिंधुबाईंची, पण घाम गाळला तो सहादूनं. सातपूरच्या कामगार वसाहतीत दोघांची घरं भिंतीला भिंत लागून होती. सिंधुबाईंचा नवरा पुंजाभाऊ आणि सहादू एकाच कारखान्यात, एकाच पाळीला, शेजारशेजारच्या लेथवर. सिंधुबाईंची आधीची दोन मुलं गेलेली, म्हणून तिसऱ्याला नजर लागू नये असं भिका नाव ठेवलेलं. तो आता पाच वर्षांचा होणार होता. एक्याऐंशी सालच्या त्या वाढदिवसाला बाईंनी सगळ्या गल्लीला जेवायला बोलावलं, त्यात कुणालाच वावगं वाटलं नाही.

पोरांनी जनावरं व्हायचं आणि वसाहतीतून वरात काढायची, असा बेत होता. सहादूनं पॅकिंगच्या खोक्यांतून वाघ, ससा, उंट, माकड असे अकरा मुखवटे कापले. एकेका पोराच्या डोक्याचं माप घेऊन कापले, उद्या कुणी तपासायला येणार असल्यासारखे. हत्तीची सोंड सायकलच्या जुन्या ट्यूबची केली. हत्ती होणार होती त्याची स्वतःची मुलगी, नऊ वर्षांची आम्रपाली. ती आठ दिवस सोंड लावूनच हिंडत होती, जेवायला बसतानासुद्धा काढत नव्हती. कुणी कुणाच्या मागं चालायचं, माकडानं कुठं उड्या मारायच्या, सगळं सिंधुबाई सहादूला विचारून ठरवत. आपण त्या घरचेच झालो, असं त्याला वाटायला लागलं. तिथंच तो फसला.

वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी बाई दारात आल्या.

“सगळं झालं बघा, सहादूभाऊ. आता वरातीपुढं डफडं तेवढं पाहिजे. ते वाजवायला तुम्ही आहातच.”

“मी?”

“मग काय! तुमच्या रक्तातच असतं ते. आमच्या गावी तुमच्या लोकांवाचून वरात हालत नाय.”

बाई हसत हसत बोलल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं म्हणे. मनात काही नसताना तोंडातून हे येतं, याचाच तर संताप यावा! आठ दिवस हा माणूस मापं घेत होता, आकृत्या काढत होता, आणि शेवटी बाईंना त्याच्यात दिसलं काय, तर डफडं.

“मी वाजवणार नाय, वहिनी,” सहादू म्हणाला.

“अहो, एवढ्याशा गोष्टीचं काय मनावर घेता? पोरांची हौस आहे,” असं म्हणून त्या गेल्या. नकार त्यांनी कानाआड केला.

घरात आम्रपाली रडायलाच लागली. “काकूंनी मला परवाच सांगितलं होतं. मी शाळेत सगळ्यांना सांगितलंय, बाबा वाजवणार म्हणून!”

सहादूचं डोकं फिरलं. त्यानं हात उगारला. सुलाबाईनं, त्याच्या बायकोनं, तो वरच्या वर धरला. “तिला काय ठाऊक हाय? तुम्ही कधी सांगितलंय का तिला?”

नव्हतंच सांगितलं. पोरीला हे कळूच नये, अशी त्याची इच्छा होती. पण आता इलाज नव्हता. त्यानं तिला जवळ बसवलं आणि सांगितलं. सिन्नरकडच्या त्यांच्या गावात पोळ्याला पाटलाचे बैल निघायचे, आणि त्यांच्या पुढं तिचे आजोबा, धोंडीराम, डफडं वाजवत चालायचे. वाजवता का, असं त्यांना कुणी विचारत नसे. नुसता निरोप यायचा. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आजोबांनी डफडं फोडून चुलीत घातलं. गावानं वर्षभर पाणी तोडलं, दळण तोडलं. आजोबांनी गाव सोडलं, नाशिकला येऊन मिळेल ती हमाली केली, पण डफड्याला पुन्हा हात लावला नाही.

आम्रपालीनं डोळे पुसले. “बैलांना सजवायचे?”

“तर! झूल, बाशिंग, पुरणपोळी.”

“आणि आजोबांच्या अंगावर काय असायचं?”

सुलाबाईच म्हणाली, “धोतर. फाटकं.”

दुसऱ्या दिवशी पाच वाजता सगळी गल्ली सिंधुबाईंच्या अंगणात जमली. सहादू इस्त्रीचा शर्ट घालून आला, पाहुण्यासारखा. पोरं मुखवटे चढवून ओळीत उभी राहिली. तेवढ्यात बाईंच्या भावानं गावाहून आणलेलं डफडं सहादूच्या पुढ्यात आणून ठेवलं.

“घ्या. आता आढेवेढे नकोत.”

चारचौघांत! काल नाही म्हणून सांगितलेलं असताना! लोक बघत होते. भिका मुखवटा वर करून केविलवाणा बघत होता, आणि त्या पोराकडं बघून सहादूला पुन्हा नाही म्हणवेना.

मग ओळीतला हत्ती हलला. आम्रपालीनं ते डफडं उचललं, अंगण ओलांडलं आणि ओट्यावर बसलेल्या पुंजाभाऊच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

“काका, वाढदिवस तुमच्या घरचा आहे. तुम्ही वाजवा.”

बाईंचा भाऊ तिच्या अंगावर धावून आला. “ए पोरी, कुणाशी बोलतीस?” सिंधुबाई लालबुंद झाल्या. पण पुंजाभाऊनं मेहुण्याला हातानंच मागं सारलं. त्यानं मांडीवरचं डफडं उचललं. मग उठला आणि ते कसंबसं गळ्यात अडकवलं. काठी उलटी धरली, सुलटी धरली, दोन-तीनदा बडवून पाहिलं. आवाज फुटका यायला लागला. पोरं हसली.

त्यानं सहादूकडं पाहिलं. “जरा दाखव ना रे, कसं धरायचं ते.”

“मला ठाऊक हाय, पुंजाभाऊ,” सहादू म्हणाला. “लहानपणी बापानंच शिकवलंय. पण दाखवणार नाय.”

पुंजाभाऊनं मान हलवली आणि जसं जमेल तसं बडवत तो वरातीपुढं चालायला लागला.