फॉर्ममधला हृदयाचा रकाना

“न्हाई म्हंजी न्हाई! तिथं ‘नाही’ लिही.”

“आई, आप्पांच्या छातीत स्टेंट बसवलाय. ‘नाही’ कसं लिहू?”

“हातानं लिही! कंपनीत दिवसभर काय पायानं लिहितीस?”

रांजणगावच्या कंपनीत नोकरी करणारी वैष्णवी पेन उचलून तशीच बसली. समोर तिच्या वडिलांच्या, ज्ञानदेवआप्पांच्या विम्याचा फॉर्म होता आणि सकाळपासून मायलेकी एकाच ओळीवर अडल्या होत्या: हृदयविकार आहे किंवा होता काय?

आप्पा चहा पीत होते. दौंडच्या रेल्वेत चौतीस वर्षं ते रुळांवर चालले. खांद्यावर हातोडा, हातात पाना. रूळ धरून ठेवणारी चावी सैल दिसली की ठोकायची, रुळाला तडा दिसला की लाल झेंडा लावून गाडी थांबवायची. रिटायर झाल्यावर मांडवगणला शेतावर आले, ते रेल्वेचं दवाखान्याचं कार्ड खिशात घेऊनच. दोन वर्षांपूर्वी ऊस तोडताना ते कोसळले, तेव्हा त्याच कार्डावर दौंडहून पुण्याला नेऊन त्यांना वाचवलं. अजूनही आंघोळ झाली की देवांसोबत ते कार्डालाही हात जोडत.

“कार्ड आहेच की,” पहिल्यांदा ते म्हणालेही होते. पण भावकीतल्या विनोदनं, जो विम्याची कामं करायचा, नीट समजावलं. “आप्पा, कार्ड सोडायचंच न्हाई. पण रस्त्यात काय झालं तर जवळचा दवाखाना रेल्वेच्या यादीत असंलच असं न्हाई. मोठा खर्च निघाला, तर ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च ही पॉलिसी बघंल.” त्यानं तीन कागद दिले. आप्पांनी चष्मा लावून दोन दिवस वाचले आणि जुना आजार दोन वर्षांनी का होईना, पण मान्य करणारी पॉलिसी निवडली.

अडचण वेगळीच होती. वैष्णवीची सोयरीक कोरेगाव भीमाला ठरत आली होती आणि स्टेंटचं गावाला ठाऊक नव्हतं. तिच्या आईनं, धुरपदानं, तेव्हा सगळीकडं ‘मणक्याचं ऑपरेशन’ सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं. आप्पांना दीड महिना कमरेला पट्टा बांधून ओट्यावर बसवलं होतं. भेटायला येणारे तेल आणायचे, कुणी कमर दाबून द्यायचे, आणि छातीवर हात ठेवायची चोरी झालेले आप्पा “व्हय, तिथंच दुखतंय” म्हणायचे.

“विनोदच्या हातात हे पडलं की गावभर व्हईल,” धुरपदा म्हणाली. “घरात हार्टचा आजार म्हटल्यावर पाव्हणं थांबत्याल व्हय?”

“स्टेंट ऐकून जे पळत्याल, त्यांच्या घरी मला जायचंच न्हाई!”

“तुझं त्वांड लई चालतंय!”

आप्पांनी कप खाली ठेवला.

“धुरपदे, त्या दिवशी दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी इचारलं, आधी काही त्रास व्हता का? मी काय म्हणलो?”

“न्हाई म्हणलात. खोटारडं.”

“आन् तू?”

धुरपदानं पातेल्यातला उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला.

“तू म्हणलीस, चार दिस झालं हात दुखतोय, रातचं घाम येतोय, हे लपवत्यात. बाईंनी लगेच गाडी बोलवली. कार्डानं पैसा दिला, पण जीव तुझ्या खऱ्या बोलण्यानं राहिला. म्हणून आज हा चहा पितोय. उद्या कुठं पडलो आन् कंपनीनं म्हातारा खोटं बोलला व्हता म्हणून हात वर केलं, तर तू पुन्हा दवाखान्याच्या फरशीवर अकरा दिस बसशील. ते मला बघवायचं न्हाई.”

वैष्णवीनं न विचारता ‘होय’वर खूण केली. स्टेंटची तारीख लिहिली. आप्पांनी सही केली आणि पेन धुरपदापुढं धरलं. पॉलिसीत तिचंही नाव होतं.

तिनं पदरानं डोळे पुसले, पेन घेतलं आणि एकेक अक्षर जोडून सही केली. मग फॉर्मची घडी घातली, चपला सरकवल्या आणि विनोदच्या घराची वाट धरली.

“आई,” वैष्णवीनं मागून हाक दिली, “पाव्हण्यांना काय सांगायचं मग?”

“फॉर्मात लिवलंय त्येच!” म्हणत धुरपदा फाटकाबाहेर पडली.