शुक्रवारची वायर

आमच्याकडे लाईट आहे की नाही हे मी बटण दाबून कधी पाहिलं नाही. समोर माग होते. आमचं घर एका लाईनीवर आणि गल्लीपलीकडची मागांची शेड दुसऱ्या लाईनीवर, त्यामुळे लोडशेडिंगमध्ये दोन्हीकडची वीज सहसा एकदम जात नसे. आपला पंखा थांबला आणि समोर खडखडाट चालूच राहिला, तर फक्त आपली गेली. खडखडाटही थांबला, तर सगळ्यांचीच. भिवंडीतल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही.

त्या वर्षी मुलगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. घरात कॉम्प्युटर एकच, तोही माझ्या धाकट्या दिरांचा. त्यांचं दापोड्याला ट्रान्सपोर्टचं काम. ट्रकबरोबर मालाची जी पावती जाते तिला बिल्टी म्हणतात, त्या सगळ्या बिल्ट्या ह्या कॉम्प्युटरात होत्या. मुलीचे वडील गेल्यापासून आम्ही मायलेकी दिरांच्याच घरात राहत होतो. ते वाईट नव्हते. पण त्यांनी एकदा म्हटलं की ते झालं.

एके रात्री जेवताना मुलीने सीडी दाखवली. वर पेनाने लिनक्स लिहिलेलं. कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम आहे, म्हणाली.

"कवढ्याची?" दिरांनी विचारलं.

"फुकट, काका."

"फुकट कोण देतंय? चोरीची असंल."

"चोरीचं तर आत्ता आपल्या कॉम्प्युटरात आहे. तुमच्या त्या दुकानदाराने घालून दिलेलं. हे ज्यांनी बनवलं त्यांनीच सांगितलंय, घ्या, उघडून बघा, दुरुस्त करा, दुसऱ्याला द्या."

"मंग ते खातात काय?"

जाऊ हसली. मी खाली बघून भात कालवत राहिले. मुलगी म्हणाली, परीक्षेला हेच आहे, कॉलेजात एका मशीनवर चौघी बसतो, हात लावायला मिळत नाही. तुमचं तसंच राहील, काका. मी फक्त बाजूला जागा करून हे ठेवते.

दिरांनी ताटात हात धुतला. "ठेव. पण माझी एक बिल्टी जरी गेली ना, तर हा डबा दापोड्याला नेणार. आन् तुजा कॉलेज बंद. स्थळ कवाचा सांगून आलेला हाय."

माझी शाळा चौथीनंतर अशीच बंद झाली होती. जेवणं चालू होती, कोणी आवाजही चढवला नव्हता. म्हणून दिरांचं बोलणं मला धमकीसारखं वाटलं नाही. ठरल्यासारखं वाटलं.

मुलीने शुक्रवार निवडला. शुक्रवारी मागांना सुट्टी, म्हणून विजेचा दाब चांगला असतो, दिवा फडफडत नाही. आमचं लोडशेडिंग सकाळीच होऊन जाणार होतं. जाऊ माहेरी कशेळीला गेली होती, दीर दापोड्याला. मलाही वाटलं, बरा दिवस आहे.

बिल्ट्या दुसरीकडे उतरवून ठेवायची सोय आमच्याकडे नव्हती. मुलीने मला समजावलं, आत एक भिंत आहे, ती सरकवून आपल्यासाठी जागा करायची. काकांचं सामान आधी आत ढकललं जाईल, मग भिंत सरकेल. "हे चालू असताना लाईट जाता कामा नये, आई. मध्येच गेली तर काकांचं काही राहणार नाही."

"मग हा डबा कशाला आहे?" मी टेबलाखालच्या यूपीएसकडे बोट केलं.

"बॅटरी जुनी झालीये. पाच मिनिटं काढली तरी नशीब."

तिने बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी आली आणि मुंगीच्या चालीने भरू लागली. मी दारात लसूण सोलत बसले. पट्टी निम्म्याच्या पुढे गेली असेल, तेवढ्यात टेबलपंखा हळू झाला. मग थांबला. यूपीएस ओरडायला लागला.

मुलीने माझ्याकडे बघितलं.

मी कान दिला, समोर वीज आहे का. समोर काहीच नव्हतं. आणि मग लक्षात आलं, आज शुक्रवार. माग बंद. वीज असली तरी ऐकू येणार नव्हती.

"समोर असेल तर वायर आणता येईल," मुलगी म्हणाली. "ह्याची पिन त्यांच्या बोर्डात लावायची. जा ना आई. मला इथून उठता येत नाही."

समोरच्या शेडच्या वर मागवाल्यांचं घर. त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या बाईला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणे. मी इतकी वर्षं तिच्याकडे बघून हसले होते, बोलले कधी नव्हते. आणि खाली ओट्यावर नमाज पढून आलेले पुरुष बसले होते, नवे कुडते, अत्तराचा वास. एरवी मी त्यांच्यासमोरून मान वर करून गेले नसते. डोक्यावर पदर घेतला आणि गल्ली ओलांडली.

"तुमच्याकडे लाईट हाय का?"

"क्या बोली, भाभी? जरा जोर से."

मी परत बोलले. माझंच मला ऐकू आलं नाही. मागे यूपीएस ओरडत होता. एकजण म्हणाला, "सिलिंडर चाहिए होगा." दुसरा म्हणाला, "अरे, चूप बैठ. पूछ रही है कुछ."

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि वर तोंड करून ओरडले, "खाला! लाईट हाय का?"

खिडकीत खाला आली. "है ना. काय झालं गं?"

"वायर द्या. पोरीचा कॉम्प्युटर मरतो."

तिने आत कोणाला तरी हाक मारली, लग्नाच्या मांडवाला वापरतात तशी लांब वायर खिडकीतून खाली सोडली. मघाचा सिलिंडरवालाच उठला, टोक धरून माझ्या मागोमाग आला आणि उंबऱ्याशी थांबून बोर्ड माझ्या हातात दिला. मुलीने वाकून यूपीएसची पिन भिंतीतून काढली, बोर्डात घातली. ओरडणं थांबलं. पट्टी अजून होती.

तेवढ्यात गल्लीत दिरांची मोटारसायकल वाजली. ते जेवायला एवढ्या लवकर कधी येत नसत. दाराशी वायर आडवी, तिच्याखालून वाकून ते आत आले.

"वयनी, ही वायर कुनाची?"

"समोरची. आपली लाईट गेली." त्यांचा हात बोर्डाकडे गेला. "हात लावू नका, भावजी."

असं मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. ते पडद्याकडे बघत उभेच राहिले. आम्ही तिघंही ती पट्टी बघत होतो. शेवटाला येऊन ती थांबली, आणि खूप वेळ तिथेच राहिली. मुलीने ओठ दातात धरला होता. मग पट्टी गेली आणि मुलीचं पुढचं काम, सीडीवरचं आत उतरवायचं, सुरू झालं. ते संपेपर्यंत दीर जेवले नाहीत, हेल्मेटही काढलं नाही.

कॉम्प्युटर बंद होऊन परत चालू झाला. काळ्या पडद्यावर, कोणतं चालू करायचं ते निवडायला, नावांच्या ओळी आल्या.

"माझा कुठचा?"

"सगळ्यात खालचं, काका."

बटण त्यांनी स्वतः दाबलं. त्यांचं नेहमीचं चित्र आलं. त्यांनी बिल्ट्या उघडल्या, पहिल्यापासून नाही, आज सकाळी सुटलेल्या ट्रकची शोधली. नंबर वाचला. मग जुन्या दोनचार काढून बघितल्या.

"हाय," ते म्हणाले. हेल्मेट काढून खाटेवर टाकलं. मग म्हणाले, "वायर हाय तोवर पंखा तरी लाव गो. उकडतंय."

मुलगी हसली आणि मग तिला रडू आलं. तिने काकांपासून तोंड फिरवलं. दीर बिल्ट्या बघत राहिले.

समोरून खालाची हाक आली, "हुआ क्या गं?"

मी दारात गेले. ओट्यावरची माणसं अजून बसलेलीच होती.

"झाला!" मी म्हटलं. पहिल्याच वेळी तिला ऐकू गेलं.