मामांनी पाहिलेला रेडिओ

लग्न होऊन मी महाळुंग्यात आले तेव्हा माझ्या सासऱ्यांचे कान पूर्ण गेलेले होते. आमच्या लातूरकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, इथंही तसंच, त्यामुळे तेवढं एक मला नव्यानं शिकावं लागलं नाही. मामांनी भोसरीतल्या एका शेडमध्ये पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर आयुष्य काढलं होतं. सकाळी रानात, मग शिफ्टला. त्या दणक्यांनी कान हळूहळू गेले. कानाचं मशीन लावून पाहिलं, पण त्यातून नुसती खरखर वाढायची, म्हणून ते त्यांनी कपाटात ठेवून दिलं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्याशी हातवाऱ्यांनी बोलत. मी मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायची. मामा वाचायचे, मान हलवायचे आणि अगदी हळू उत्तर द्यायचे. आपण किती मोठ्यानं बोलतोय हे त्यांना कळत नसे, आणि ओरडून बोलणारा म्हातारा व्हायचं त्यांना नव्हतं.

मी चाकणजवळच्या एका कंपनीत मशिनींवरचे पडदे, म्हणजे स्क्रीन, तयार करते. लाइनवर उभ्या माणसाला कोणतं बटण कुठं दिसावं, बिघाड झाला तर कोणता रंग पेटावा, हातमोजे घातलेल्या बोटाला किती जागा लागते, हे ठरवायचं माझं काम.

माझ्या नवऱ्यानं एकदा हौसेनं बोटाएवढं एक यंत्र मागवलं होतं. ते कॉम्प्युटरला लावून खिडकीबाहेर तार सोडली की हवेतल्या रेडिओलहरी आत येतात आणि पुढचं सगळं काम सॉफ्टवेअर करतं. ते सॉफ्टवेअर फुकट होतं. त्याचा कोडही खुला, कुणीही उघडून पाहावा, दुरुस्त करावा असा. जगभरातली हौशी माणसं मिळून ते चालवत. नवऱ्याचा उत्साह काही रविवार टिकला, मग त्याची शिफ्ट बदलली आणि यंत्र खणात गेलं.

एका सुट्टीच्या दुपारी मी ते सहज लावलं. पडदाभर बारीक बटणं, मुंगीएवढी अक्षरं. पण त्यांच्या खाली एक निळा पट्टा होता आणि तो वरून खाली सरकत होता. जिथं कुठलं स्टेशन असेल तिथं पिवळी रेघ उमटायची आणि खाली वाहत जायची. सगळे त्याला धबधबाच म्हणतात. मी बघत बसले. किती वेळ गेला कळलं नाही. मागं वळून पाहिलं तर मामा खुर्चीमागं उभे होते.

“काय पडतंय हे?” त्यांनी विचारलं.

मी मोबाइलवर लिहिलं, ‘रेडिओ. ऐकायचा नाही, बघायचा.’

त्यांनी ते दोनदा वाचलं, स्टूल ओढून घेतलं आणि बसले. थोड्या वेळानं उठले, म्हणाले, “लई पळतंय,” आणि गोठ्याकडे गेले.

मला वाटलं, अक्षरं लहान आहेत, रंग भडक आहेत. पुढच्या सुट्टीला मी कोड उघडला. अक्षरं वाढवली, रंग मऊ केले, लागत नाहीत ती बटणं एका बाजूला नेली. पडदा देखणा झाला. मामा आले, बसले, आणि पुन्हा तसेच उठून गेले. तिसऱ्या वेळी मी पडद्याऐवजी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यांची नजर एखाद्या रेघेवर जाऊन ठरायची आणि तेवढ्यात ती रेघ खालच्या कडेला जाऊन नाहीशी व्हायची. ज्यांना ऐकू येतं त्यांना धबधबा फक्त स्टेशन शोधायला लागतो. सापडलं की ते कानावर सोडून देतात. मामांना तो बघतच राहायचा होता.

मग मी पाणी संथ केलं. वरची ओळ खाली पोचेपर्यंत निवांत चहा पिऊन व्हावा, इतकं संथ. त्यात एक अडचण आली. वेग कमी केला की बारीकसारीक सगळं एकात एक मिसळून जाई, आणि शब्दांमधल्या फटी बुजत. म्हणून बाजूला दुसरा पट्टा केला. बाणाच्या बटणानं ज्या रेघेवर जाल, ती तिथं मोठी होऊन तिच्या स्वतःच्या चालीनं उलगडायची. मामांना बाणाची बटणं लगेच जमली.

त्यानंतर ते रोज दुपारी बसू लागले. बातम्या आणि गाणं यांतला फरक त्यांना दिसायला लागला. बोलताना माणूस थांबतो, तिथं रेघ बारीक होते. गाण्यात ती रुंद राहते, फडकी वाळत घातल्यासारखी. कधी चुकायचेही. जाहिरातीला भजन म्हणायचे, आणि मी हेडफोन कानाला लावून खरं काय ते लिहून दाखवलं की स्वतःशीच हसायचे. दुपारी तशी मी घरी क्वचितच असे, पण असले की त्यांच्या शेजारी बसायची. निळ्यावरून पिवळं वाहत राहायचं, आणि मला भर दुपारी विहिरीत डोकावून बसल्यासारखं वाटायचं. एकदा मी अँटेनाची तार दुसऱ्या खिडकीतून सोडत होते तर त्यांनी अडवलं. “ती दिघीची बाजू हाय. तिकडं मिलिटरी,” म्हणाले. इतक्या अंतरावरून काही होत नाही असं मी लिहून दाखवलं, तरी तार त्यांनी पुन्हा पहिल्याच खिडकीला बांधली.

मी केलेले बदल त्या सॉफ्टवेअरच्या मूळ मंडळींना पाठवले. ते सांभाळणाऱ्या माणसानं सभ्यपणे कळवलं की इतका संथ धबधबा कुणाच्या कामाचा वाटत नाही, ऐकण्यासाठी आवाज आहेच. मी लिहिलं की आमच्या घरात एक माणूस आहे, त्यांना पडद्याशिवाय दुसरा कान नाही. बरेच दिवस काही आलं नाही. मग उत्तर आलं. हे आपल्या मनातच आलं नव्हतं, असं त्यानं लिहिलं होतं. संथ पाणी आणि उलगडणारा पट्टा त्यानं घेतला. बटणांची माझी नवी मांडणी मात्र नाकारली, कारण जुन्या लोकांचे हात जुन्या जागांना सरावलेत. थोडं वाईट वाटलं, पण लाइनवरच्या माणसांसाठी मीही हेच सांगितलं असतं.

आमच्याकडे लहान वर्कशॉपना सुट्टी गुरुवारी. इतर दिवशी पडद्यावर सगळीकडे बारीक ठिपके आणि ओरखडे असत. वेल्डिंग, मोटारी, कुणाकुणाची यंत्रं, सगळ्यांची वीज हवेत सांडते आणि ती रेडिओत उतरते. मामांना ते मी सांगितलं नव्हतं. एका गुरुवारी मी रजेवर होते. घरात आले तर मामा पडद्याकडे एकटक पाहत होते. ठिपके जवळजवळ नव्हतेच. गडद निळं होतं, आणि त्यात मोजक्याच स्वच्छ रेघा.

“आज शेड बंद हायेत,” ते म्हणाले.

मी मान हलवली.

“प्रेस सोडली, पण ती डोक्यातनं गेली न्हाई कधी. आताबी चालूच हाय. कान गेले तरी ती हाय.” त्यांनी पडद्यावर तळवा ठेवला. “गप असतं ते असं दिसतं व्हय.”

इतकी वर्षं आम्ही सगळे समजत होतो की मामा शांततेत राहतात. मी स्टूल ओढून शेजारी बसले. बाहेर रस्ता रिकामा होता, कुठंतरी म्हैस हंबरली, आणि ते निळं खाली उतरत राहिलं.

मग त्यांनी विचारलं, “तुझा आवाज दिसंल का ह्यात?”

त्यांनी माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता. मायक्रोफोन त्याच पडद्याला जोडायची सोय होती. तो लावला आणि मी “मामा” म्हणाले. पाच-सहा बारीक समांतर धागे उमटले आणि एकदम वळून खाली गेले. मग लातूरच्या घराबद्दल बोलले, संध्याकाळी भाजी कसली करायची ते बोलले. धागे हलत होते, मामा बघत होते.

“बारीक हाय,” ते म्हणाले. “पण थांबत न्हाई.”

मी हसले, तर हसूही पडद्यावर आलं.

तेवढ्यात आत्याबाई दारात आल्या. मामांनी त्यांना खुणेनं बोलावलं, बोल म्हणाले. त्या लाजल्या, पदर सावरला, आणि माझ्याकडे बघत मायक्रोफोनला विचारलं, “चहा घेता का?”

रुंद, जरा थरथरते धागे आले. मामा पुढं वाकले आणि ते खालच्या कडेला पोचेपर्यंत पाहत राहिले.

“तसाच हाय,” ते म्हणाले.

पडद्यावरून आवाज ओळखू येतो का, असं कुणी मला विचारलं तर माझ्या धंद्याला धरून मी नाही म्हणेन. आत्याबाईंनी विचारलं नाही. त्या आत गेल्या, आणि मामा पुढच्या ओळीची वाट बघत बसले.