श्पार्गेलच्या सालींची पूड

नीला मेश्राम मूळची नागपूरची. एम.एस्सी. झाली, अनुपशी लग्न झालं आणि त्याच्या नोकरीपाठोपाठ ती जर्मनीतल्या येनाला आली. तिथल्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ म्हणून तिचं आणि होल्गरचं टेबल शेजारी शेजारी. दोघं झिंक ऑक्साईडचे नॅनोकण बनवायचे, म्हणजे डोळ्यांना कधीच न दिसणारे जस्ताच्या ऑक्साईडचे बारीक कण. होल्गरची पद्धत पक्की: जस्ताचा क्षार, त्यात थेंब थेंब कॉस्टिक सोडा. कण एकसारखे पडायचे, पण ते धुतलेल्या सांडपाण्याचे कॅनचे कॅन भरायचे.

२०१४चा मे महिना. मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, श्पार्गेलच्या, त्या पांढऱ्या ॲस्परॅगसच्या कोंबांच्या, सालींचा ढीग पडलेला. वनस्पतींच्या काढ्यातूनही असे कण होतात, हे नीलानं वाचलं होतं. दोन पिशव्या साली मागून घेऊन ती अक्षरशः पळतच आली.

"होल्गर, तुझा सोडा आज सुट्टीवर!"

"नीला, आपण इथे रसायनशास्त्र करतो. सूप नाही."

साली उकळल्या आणि वास थेट सुपाचाच सुटला. विभागप्रमुख बाई वाडगा घेऊन दारात हजर. "आल्झो, तर मग, आज कुणाचा वाढदिवस?"

"फ्राऊ प्रोफेसर, खाऊ नका! यात जस्त पडायचंय!" हसून हसून नीलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

काढ्यात क्षार विरघळला, आटून चिकट झाला, भट्टीत गेला. भट्टी उघडली तर आत भुरभुरीत पांढरी पूड! नीलानं तिथेच गिरकी घेतली आणि नवऱ्याला फोन लावला.

"अनुप, झाली!"

"काय झाली?"

"पूड!"

दोन दिवसांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण दिसले. काही वीस नॅनोमीटरचे, काही चांगले शंभराचे.

"नुसती जत्रा आहे," होल्गर म्हणाला. "माझे बघ, कसे शिस्तीत."

"माझे हौशी आहेत!"

दुसऱ्या शेतातल्या साली आणल्या, तर कणांचा आकार आणखीच वेगळा. सोड्याची गरज पडत नव्हती, पण भरवसाही देता येत नव्हता. बाईंना हाच घोळ आवडला. "कशानं बदलतं, ते शोधा," त्या म्हणाल्या आणि नीलाला आठवड्याचे दोन दिवस त्यासाठीच दिले.

सोमवारी होल्गर एक पिशवी घेऊन आला. वर चिठ्ठी: शेत, वाण, सोलल्याची तारीख.

"बायकोनं दिल्यात. पण नोंदी नीट ठेवायच्या."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" नीला म्हणाली आणि पातेलं चढवलं.

जूनअखेर श्पार्गेलचा हंगाम संपला तेव्हा एकतीस नमुने झाले होते. मग नीलानं रूबार्बच्या, त्या आंबट देठांच्या भाजीच्या, पानांकडे मोर्चा वळवला.