विषय नसलेले पत्र

तोंडी शब्दावर मी कधी विसंबलो नाही. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीने ती सवय लावली. कराडच्या घरी संगणक आला तेव्हा ईमेलच्या प्रोग्रामलाही मी माझेच नियम लावले. पत्रे माझ्या संगणकावर उतरली की कंपनीकडची प्रत पुसली जावी. परक्याच्या कपाटात माझे कागद नकोत. विषय न लिहिलेले पत्र न उघडताच काढून टाकायचे. आणि जागा वाचवण्यासाठी फोल्डर आवळू का, असे प्रोग्रामने विचारले की ‘नको’ दाबायचे. आवळताना काय गळेल, कोणी सांगावे?

इस्लामपूरजवळ आमची सामायिक विहीर आहे. धाकट्या भावाने फोनवर सांगितले की पाण्याच्या पाळीतले दोन दिवस तो मला देतो; तसे ईमेलने लिहूनही पाठवले आहे. शोधतो म्हणालो. चार दिवसांत तो वारला. पत्र मिळाले नाही.

ते दोन दिवस सोडायला त्याच्या मुलाने, माझ्या पुतण्याने, लेखी मागितले. माझा ऊस वाळत होता. संगणक त्यानेच बसवून दिलेला, पासवर्ड त्याला ठाऊक. पत्र त्यानेच काढले, असे मी त्याला तोंडावर सांगितले.

दुसऱ्या दिवशी तो आला. चहा घेतला नाही. प्रोग्राम बंद करून त्याने फोल्डरची मूळ फाइल उघडली. काढलेले पत्र लगेच नष्ट होत नाही, म्हणाला. त्यावर खूण होते आणि ते यादीतून लपते. फोल्डर आवळला तरच ते खरोखर जाते. मला पटले नाही. खुर्ची ओढून मी त्याच्या हातांवर नजर ठेवून बसलो.

जाहिरातींच्या ढिगात पत्र सापडले. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. विषय कोरा. ‘दादा, मंगळवार-बुधवारचं पाणी तुमी घ्या.’

पुतण्याने खुणेवर बोट ठेवले. “आबा, न वाचताच काढलंय. ही रीत घरात कुणाची?”

मी चष्मा पुसून ती खूण पुन्हा पाहिली.

“‘नको’ दाबत राहिलासा, म्हणून तेवढं वाचलं.”

मंगळवारी खात्री करायला विहिरीवर गेलो. मोटर चालू होती, पाणी माझ्या सरीत होते. पुतण्या बांधावर बसला होता. चूक माझी होती, असे मी त्याला म्हणालो.

“लिहून द्या, आबा,” तो म्हणाला.

संध्याकाळी लिहून पाठवले. विषयाचा रकाना आधी भरला.