गुत्तेदारानं अर्जाला पत्र जोडावं का

अर्ज लिहायचं काम सोडून बरीच वर्षं झाली, पण किस्से काही सुटले न्हाईत. कागद दफ्तरात जातो अन् किस्सा लिहिणाऱ्याकडं राहतो. एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो. त्यातले गुत्तेदारांचे, म्हंजे सरकारी कामाचा ठेका घेणाऱ्यांचे, तेवढे आज सांगतो.

निजामाचं राज्य होतं. परतुरात रस्ते-इमारतींचं सरकारी दफ्तर होतं अन् त्याच्या ओसरीत आम्ही दोघं बसायचो. मी लोकांचं ऐकून मराठीत मसुदा करायचो, मुन्शी करीमसाब तो उर्दूत उतरवायचे, कारण दफ्तर उर्दूत चालायचं. मुन्शीजी माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. आमचं सगळ्यात पटायचं, एक गोष्ट सोडून. विहीर, बंधारा, रस्ता, कुठलंही काम निघालं की गुत्तेदारांना छापील नमुना भरून द्यावा लागे. त्याला सोबत एक पत्र जोडावं, हा माझा हट्ट. नमुन्यात नाव, गाव अन् दर कळतो. माणूस कळत न्हाई.

मुन्शीजींना हे बिलकुल मान्य नव्हतं. "साहेबाला विहीर पाहिजे," ते म्हणायचे, "सोयरीक न्हाई जुळवायची."

*

माझं ऐकणारे पहिले गुत्तेदार आष्टीचे किसनराव. विहिरी बांधायचे. पत्र सांगायला बसले ते थेट आजोबांपासून. आजोबांनी कुठली बारव उपसली, वडलांनी कुणाचा हौद बांधला, स्वतः कितव्या वर्षी हातात थापी घेतली, सगळं आलं. चार कागद भरले. मुन्शीजींनी ते उतरवून दिले. किसनराव स्वतः पाकीट आत देऊन गावाकडं गेले.

दोन दिवसांनी पेशकार बाहेर आले. साहेबांपुढं कागद ठेवायचं काम त्यांचं. पत्र लई चांगलं आहे म्हणाले, दोनदा वाचलं. पण ह्या माणसाला पाहिजे काय, ते काही कळंना.

मी सतरंजी उचलून बघितली. भरलेला नमुना माझ्या खालीच राह्यला होता.

काम दुसऱ्याला गेलं. मी आष्टीला जाऊन किसनरावांची माफी मागितली. त्यांनी आधी जेवू घातलं, मंग म्हणाले, पुढच्या खेपेला नमुना आधी देऊ.

*

पुढं पत्रांची मागणी वाढली अन् मी आळशी झालो. एका बंधाऱ्यासाठी तीन गुत्तेदार एकाच दिवशी आले. मी तिघांना एकच पत्र दिलं, फक्त नाव बदलून. 'माझ्याएवढा चोख गुत्तेदार या तालुक्यात दुसरा न्हाई.'

पेशकारांनी तिघांना एकदम बोलावलं, तिन्ही पत्रं वाचून दाखवली अन् तुम्हीच आपसात ठरवा म्हणाले. तिघंही बाहेर येऊन माझ्यापुढं उभे राहिले. कुणी शिवी दिली न्हाई, नुसतं बघत राह्यले. ते बघणं माझ्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून एकाचं पत्र दुसऱ्याला द्यायचं न्हाई, हे मी पक्कं केलं. पत्र लिहायचं मात्र सोडलं न्हाई.

*

मी तापानं आठ दिवस घरी होतो, तेव्हा एका गुत्तेदारानं मुन्शीजींनाच पत्र मागितलं. त्यांनी खूप टाळलं. शेवटी लिहून दिलं: 'अर्ज सोबत आहे.'

पेशकारांनी त्याच कागदाखाली लिहून परत पाठवलं: 'दिसला.'

मुन्शीजींनी तो कागद जपून ठेवला. माझ्याशी वाद निघाला की तोच पुढं करायचे.

*

आष्टीतच शाळेच्या विहिरीचं काम निघालं अन् किसनराव पुन्हा आले. मध्यंतरी त्यांची एक विहीर पहिल्याच पावसाळ्यात ढासळली होती. माणूस कुणी दगावलं न्हाई, पण नाव गेलं होतं. या खेपेला पत्र तीन ओळींचं सांगितलं. विहीर ढासळली, चूक माझी, पायाखाली मुरूम होता तो मी ओळखला न्हाई. ती मी पुन्हा बांधली आहे. येऊन बघावी.

मुन्शीजींनी लेखणी खाली ठेवली. आपल्या हातानं आपली चूक सरकारला कळवणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता. उतरवून द्यायला ते तयारच होईनात.

किसनराव हलले न्हाईत. "लिव्हा मुन्शीजी. साहेबाला दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं."

साहेब गेले, विहिरीत उतरून बघून आले. काम किसनरावांना मिळालं. मुन्शीजी म्हणाले, नशीब. पण त्या दिवशी 'दिसला'चा कागद काही त्यांनी काढला न्हाई.

*

अन् मंग कोंडाबाई आली. वडीगोद्रीकडच्या रस्त्यावर तिचा नवरा खडीचा गुत्तेदार होता. खडी फोडणं, पसरणं, दाबणं सगळं त्याच्याकडं, अन् ही त्याच्याबरोबर. रस्ता अर्धा झाला अन् तो वारला. पुढचा तुकडा निघाला, त्याचा अर्ज तिला स्वतःच्या नावानं करायचा होता.

नमुन्यात एक रकाना होता: आधी केलेलं काम. जे झालं ते सगळं नवऱ्याच्या नावावर. मी विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, रकाना कोरा ठेवा, पत्र लिव्हा. 'मालक होते तोवरची खडी दोघांनी फोडलेली आहे. पुढची मी एकलीनं फोडली. नाव त्यांचंच लागलं.'

मी मुन्शीजींकडं बघितलं. त्यांनी वाद घातला न्हाई. दौत जवळ ओढली अन् एका बैठकीत उतरवून दिलं.

पत्र वाचून साहेबांनी तिला रस्त्यावरच बोलावलं. पेशकार बरोबर होते, त्यांनीच आम्हाला सांगितलं. साहेबांनी विचारलं, तुझं काम कुठून सुरू होतं? कोंडाबाई अनवाणी चालत निघाली. लई लांब गेली. एका बाभळीजवळ थांबली.

"इथपर्यंत मालक होते," ती म्हणाली. "इथून पुढं मी."

साहेब मागं गेले, पुढं आले, पुन्हा मागं गेले. वाकून दोन्हीकडची खडी बघितली. मंग पेशकारांकडून आधीच्या कामाचा जुना कागद मागून घेतला. नवऱ्याचं नाव खोडलं न्हाई. त्याच्या खाली तिचं लिहिलं, अन् नवं काम दोघांच्या नावानं दिलं.