गाळपेरातली वाळकं

माझ्या सासूबाई चांदणं बघून वेल लावत. अमावास्येनंतर चांदणं वाढू लागलं की काकडी, दोडका, भोपळा; पुनवेनंतर ते उतरू लागलं की रताळी, सुरण, हळद. वर चढणारं वाढत्या चांदण्यात आणि खाली पोसणारं उतरत्या चांदण्यात, इतकं ते सरळ होतं. मी चौथी शिकलेली आणि जिभेला हाड नसलेली. पन्नास सालाच्या आसपास लग्न होऊन शिवऱ्याहून भाटघरला आले आणि पहिल्याच महिन्यात हे ऐकून सगळ्यांदेखत हसले. सासूबाई रागावल्या नाहीत. "हास," म्हणाल्या, "हसायचंच वय हाय तुजं."

आमची थोडी जमीन धरणाच्या पाण्याखाली असे. माघात पाणी ओसरलं की ती उघडी पडे, वर लोण्यासारखा गाळ घेऊन. त्या गाळात नुसत्या ओलीवर पीक घ्यायचं, त्याला गाळपेर म्हणत. नांगर लागत नाही, पाणी द्यावं लागत नाही. पण ऊन चढलं की गाळ भेगाळतो, म्हणून जो तो घाईत असे. आमच्या सासूबाई सोडून.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला घाई होती त्याला आणखी एक कारण होतं. माझ्या आईची वाळकं शिवऱ्यात प्रसिद्ध होती. वाळूक म्हणजे काकडीच्याच जातीचं, पण आखूड आणि जाड. पुष्कळदा कडू निघतं. आईचं कधी निघालं नाही. माझ्या लग्नाआधी आई गेली. माहेरी त्या वेलाची कुणाला पडलेली नव्हती. तिने शेवटच्या वर्षी धरलेलं बी एका फडक्यात बांधून मी सासरी आणलं होतं. मूठभरसुद्धा नव्हतं. ते गेलं असतं तर ते वाळूक जगातून गेलं असतं आणि माझ्यापुरती आईही दुसऱ्यांदा गेली असती. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. सासूबाईंनी फडकं माझ्याकडून घेऊन बी राखेत घोळलं, गाडग्यात ठेवलं आणि सांगितलं, "फाल्गुनातल्या बिजंला लावू. चांद वाढंल तसा येल वाढंल."

माघातली वद्य पंचमी होती. शेजारच्या वावरात लोकांची आळी करून झाली होती आणि आम्ही आणखी बारा दिवस आभाळाकडे बघत बसायचं! माझं डोकं फिरलं. दुपारी सासूबाई शेण गोळा करायला गेल्या तशी मी गाडगं उतरवलं आणि होतं नव्हतं तेवढं बी काठावरच्या अगदी ताज्या गाळात लावून आले. संध्याकाळी त्यांनी गाडगं हलवून पाहिलं. होतं तिथे परत ठेवून दिलं. मला वाटलं, हरल्या.

आठ दिवस झाले तरी काही वर आलं नाही. शेजाऱ्यांचे वेल दोन पानांवर आले होते. शिवरात्रीला मी एक आळं उकरलं. बी बोटात धरलं तर मऊ लागलं, दाबलं तर आतून पाणी आलं. दुसरं उकरलं, तिसरं उकरलं. सगळं बी कुजलं होतं. शेजारी जुन्या, निथळलेल्या गाळात लावत होते आणि मी अक्कल पाजळून पाण्याच्या कडेला, जिथे पाय घोट्यापर्यंत रुतत होता तिथे लावलं होतं. यात चंद्राचा काही संबंध नव्हता. माझ्या उतावळेपणाचा होता. तिथेच बसून मी रडले.

शिवरात्रीचा उपास घरात सगळ्यांनाच होता, पण मी रताळंही तोंडात घातलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा उपास सुटला, माझा सुटला नाही. ताट वाढलेलं तसंच उचललं. सासूबाई बघत होत्या.

त्या दिवशी अमावास्या. अवसेला आमच्याकडे रानात कुणी कामाला हात लावत नसे. मी आपली उगाच गाळाकडे गेले, तर वरच्या अंगाला, निथळलेल्या गाळात सासूबाई एकट्याच उकिडव्या बसलेल्या. पदरातून एकेक बी काढून बोटाने दाबत होत्या.

"आत्याबाई, ह्ये कुठलं बी?"

"तुज्या आयचंच. फडकं दिलंस तवाच सात बिया बाजूला काढल्या व्हत्या म्या." आणि मग वर बघून म्हणाल्या, "तुजा सोभाव मला ठावा न्हाई व्हय?"

मला हसावं की त्यांच्या पायावर डोकं ठेवावं ते कळेना. त्यांच्या शेजारी बसून शेवटची बी तेवढी लावली.

सातातल्या पाच उगवल्या. वैशाखात वेलांना वाळकं लागली, आणि कडू एकही निघालं नाही. पहिलं फळ सासूबाईंनी कुणाला तोडू दिलं नाही, बियांसाठी वेलावरच पिवळं होऊ दिलं. तेच बी आजही माझ्या घरात आहे. पुढे त्या होत्या तोवर आम्ही दर वर्षी बिजेलाच लावली. अवसेची गोष्ट त्यांनी आपल्या तोंडून कधी काढली नाही.

मी मात्र सोडते कसली! वाळूक चिरताना एकदा छेडलंच. म्हटलं, "आत्याबाई, अवसंला लावलेलं बी झ्याक उगावलं की! मग तुमचा चांद काय कामाचा?"

"गप. गावात बोलू नगंस."

"पर दोनच दिस ऱ्हायले व्हते बिजंला. येवडं पाळता, मग दोन दिस का न्हाई थांबला?"

त्यांनी विळीवरून मान वर केली नाही.

"म्या थांबले आस्ते," त्या म्हणाल्या. "तू जेवत नव्हतीस."